पार्किंगचा मागचा कोपरा

६ जानेवारी

भाऊजी,

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनाने जुळवता, म्हणून सरळ पत्र लिहितेय. इकडे सगळं ठीक. ठमीला प्रयोगशाळेत नोकरी लागली. काकाला मीच कळवणार म्हणून बसली आहे, तेव्हा तिचं पत्र आलं की पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करा.

काम असं आहे. दुकानांसमोरचं पार्किंग आता अगदीच गेलंय. ह्यांनी इमारत बांधली आणि तुम्ही डांबर घातलंत, त्याला बावीस वर्षं झाली. हे गेल्यापासून चार वर्षं मी नुसती ठिगळं लावतेय. आता ठिगळालाही ठिगळ लागलं.

दोन कंत्राटदार येऊन गेले. पहिले चष्मेवाले. गाडीतून उतरले, एक फेरी मारली आणि म्हणाले, "वरचे दोन इंच खरवडू, नवा थर टाकू. पाच दिवसांत मोकळं." दुसरी एक मुलगी, इंजिनीअर, गुडघ्यापर्यंत बूट घातलेली. ती दोन तास गुडघ्यांवर बसून भेगा बघत होती. म्हणाली, "सगळं उकरून खालपासून नव्याने करा. निदान तीन आठवडे लागतील."

अकरा दुकानदार आहेत. तीन आठवडे गाड्या लावायला जागा नाही म्हटलं तर अकराही जण माझ्या दारात उभे राहतील. पण पाच दिवसांचं काम दोन वर्षांत पुन्हा उखडलं तरी तेच.

तुम्ही आयुष्यभर रस्ते केलेत. वरचं बदलू की सगळंच? आणि मागच्या कोपऱ्याचं वेगळं सांगा. मालाच्या गाड्या वळतात तिथे डांबर मगरीच्या पाठीसारखं झालंय आणि चाकांखाली दबतं.

वहिनी


१४ जानेवारी

वहिनी,

पत्र मिळालं. ठमीचंही मिळालं. मी इतकं आश्चर्य दाखवलं की सूनबाईने स्वयंपाकघरातून येऊन काय झालं म्हणून विचारलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. डांबर म्हणजे घराचं छप्पर समजा आणि खालची खडी म्हणजे भिंती. उन्हापाण्याने छप्पर जातं, म्हणून कोणी भिंती पाडत नाही. बावीस वर्षांत वरचा थर वाळणारच, भेगा पडणारच. लांब, सरळ, एकेकट्या भेगा असतील तर त्या वरच्या वर असतात. चष्मेवाले बरोबर सांगताहेत. फक्त खरवडल्याशिवाय नवा थर टाकू देऊ नका, नाहीतर जमीन वर येईल आणि पाणी दुकानांच्या उंबऱ्यात शिरेल. उतार मोजून घ्या.

बूटवालीचा राग धरू नका. तरुण माणसांना उकरायला आवडतं. मीही तसाच होतो.

उगाच मोठ्या कामात पडू नका. खोदायला लागलं की काम आपल्या हातात राहत नाही. घाई तर अजिबात नको. तोवर भेगांत डांबर ओतून घ्या, म्हणजे हा हंगाम निघेल.

प्रकृतीला जपा.

भाऊजी


२ फेब्रुवारी

भाऊजी,

तुम्ही सांगितलंत तसं भेगांत डांबर ओतून घेतलं. पुढच्या बाजूला टिकलं. मागच्या कोपऱ्यात आठ दिवस टिकलं नाही.

मंगळवारी सकाळी तिथे एक मास्तर पडले. त्या बाजूला फिजिओथेरपीवाल्या बाईंचं दार आहे, पेशंट तिकडूनच येतात. मास्तरांचा गुडघा नुकताच बदललेला, वॉकर घेऊन चालत होते. चाक खड्ड्यात अडकलं आणि ते हातावर आपटले. मी मेडिकलच्या दुकानात उभी होते, आवाज ऐकून धावले. गुडघा वाचला, मनगट मोडलं. मला म्हणतात, "बाई, तुम्ही कशाला रडता? मोडलंय माझं." मी रडत नव्हते, पण जाऊ दे.

फिजिओवाल्या बाई संध्याकाळी आल्या. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच लागलं. "मला पेशंटना चालायला शिकवायचंय," म्हणाल्या, "आणि ते माझ्या दारात पडताहेत. मेअखेरपर्यंत झालं नाही तर मी दुसरीकडे जाते." त्या गेल्या तर त्यांच्यामागे मेडिकल जाईल आणि त्याच्यामागे आणखी कोण.

तेव्हा ठरवलंय. तुमच्या शब्दावर चष्मेवाल्यांना काम देतेय. येत्या अठरा तारखेला सही.

एक गोष्ट राहिली. मागच्या कोपऱ्याचं मी विचारलं होतं, तुम्ही त्यावर एक ओळही लिहिली नाहीत. विसरलात असं समजते. काल तिथे पाणी मारून झाडलं, आणि मालाची गाडी वरून गेली तशी भेगांतून गढूळ पाणी पिचकारीसारखं वर आलं. हे नेहमीचं आहे का?

वहिनी


९ फेब्रुवारी

वहिनी,

सही करू नका.

मास्तरांचं वाचून जेवण गेलं नाही. त्यांना माझा नमस्कार सांगा. नको, राहू दे, ते मला ओळखत नाहीत.

गढूळ पाणी वर येतं म्हणजे खालची माती भिजून लगदा झाली आहे आणि प्रत्येक चाकाबरोबर वर ढकलली जाते. अशा जागेवर कितीही चांगला थर टाका, वर्षभरात तशाच भेगा पुन्हा दिसतील. मी आधीच हे लिहायला हवं होतं.

बूटवालीला बोलवा. सहा ठिकाणी यंत्राने गोल भोकं पाडून नमुने काढायला सांगा, चार पुढे आणि दोन मागच्या कोपऱ्यात. डांबर किती, खडी किती, खाली माती कसली, सगळं नळीसारखं बाहेर येतं. एका दिवसाचं काम आहे. नुसतं वरून बघून कोणीही सांगू नये, मीसुद्धा.

मागे काय निघेल सांगता येत नाही. बावीस वर्षांत खालून पुष्कळ काही होतं. पाण्याचा पाइप फुटला असेल, त्याने खडी वाहून गेली असेल. तेही तपासून घ्या.

भाऊजी


२४ फेब्रुवारी

भाऊजी,

नमुने काढले. सहाही माझ्या टेबलावर ओळीने ठेवलेत. ठमी म्हणते हे ऑफिस आहे की संग्रहालय.

पुढचे चार बघून बूटवाली खूश झाली. चार इंच डांबर, खाली दहा इंच खडी, अशी घट्ट की हाताने सुटत नाही. म्हणाली, "ज्याने हे केलं त्याला काम येत होतं. मी सगळं उकरा म्हटलं होतं, ते मागे घेते. पुढे खरवडून नवा थर पुरेल." मला, खरं सांगते, अभिमान वाटला.

मग मागचे दोन. तीन इंच डांबर. खाली जेमतेम दोन इंच खडी. आणि त्याखाली एकदम चिकणमाती, ओली, तिच्या हातमोज्याला चिकटून बसली.

प्लंबरने सगळे पाइप तपासले. कुठेही गळती नाही. मी तिला विचारलं, "खडी वाहून गेली असेल का?" ती म्हणाली, "खडी अशी जात नाही, काकू. इथे ती कधी पडलीच नव्हती."

हे काम कोणी केलं होतं ते मी तिला सांगितलं नाही. तुम्ही मला सांगा काय झालं होतं.

वहिनी


३ मार्च

वहिनी,

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. इतकी वर्षं बोललो नाही, कारण दादाच्या माघारी त्याच्याबद्दल काही बोलावं असं वाटत नव्हतं.

तुम्हाला त्याचा स्वभाव माहीत आहे. एकदा तारीख ठरली की ठरली. दुकानं उघडायचा दिवस ठरला होता, सगळ्यांना सांगून झालं होतं. मागचा कोपरा तेवढा राहिला होता. तिथली माती खोदून काढायची, चर मारायचा, खडी भरायची, म्हणजे आणखी आठ-दहा दिवस. दादा जागेवर आला, मी त्याला सगळं समजावलं. तो म्हणाला, "घाल डांबर. मागे कोण बघतंय? पुढचं पुढे." मी धाकटा. त्याच्यासमोर माझं कधी काही चाललं नाही.

मी तेव्हाच अडून बसायला हवं होतं, एवढी माझी चूक. पण आता ते उगाळून काय उपयोग? तेवढा कोपरा खोदून घ्या आणि मोकळ्या व्हा.

भाऊजी


२७ मार्च

भाऊजी,

उत्तराला उशीर झाला. मुद्दाम केला.

तुमचं पत्र आल्यावर तीन दिवस मी ह्यांच्याशी भांडत होते. चार वर्षांत पहिल्यांदा. भाजी चिरताना, दुकानांची कुलपं बघताना, मनातल्या मनात. मास्तरांचं मनगट ह्यांनी मोडलं असंच वाटायला लागलं. ते वाक्य त्यांच्या तोंडी शोभतही होतं. घाई तर त्यांना होतीच.

मग बूटवालीने जुने कागद मागितले, खाली पाइप कुठून गेलेत ते बघायला. मी कपाट काढलं. त्यात तुमच्या हातची कामाची वही निघाली. कुठल्या दिवशी कुठे काय टाकलं, तारखांसकट. मागच्या कोपऱ्यात डांबर पडलं त्या तारखेला ठमी सहा दिवसांची होती.

तुम्हाला आठवत असेल. ती सातव्या महिन्यात झाली. एकोणीस दिवस काचेच्या पेटीत होती आणि एकोणीस दिवस हे दवाखान्याच्या बाकावर झोपत होते. दवाखाना परगावी. ते दाढी करायलासुद्धा खाली उतरत नव्हते, जागेवर जायचं तर सोडाच. तुमचाच निरोप आला होता: "काम पुरं झालं. इकडची काळजी करू नका." हे मला म्हणाले होते, "बघ, धाकटा आहे म्हणून मी इथे बसू शकतोय."

मग "घाल डांबर" असं तुम्हाला कोण म्हणालं, भाऊजी?

वहिनी


३ एप्रिल

वहिनी,

कोणी म्हणालं नाही. मीच.

आता सगळं लिहितो. तुम्ही पुढे वाचलं नाहीत तरी चालेल.

त्या कोपऱ्यात पूर्वी डबकं होतं, ते कोणीतरी माती टाकून बुजवलेलं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिथे कमरेएवढं खणून चर काढायचा, असं मी स्वतःच कागदावर आखलं होतं. पण त्याच आठवड्यात मला पहिलं मोठं काम मिळालं, अठरा मैलांचा रस्ता. सोमवारी यंत्रं घेऊन हजर झालो नसतो तर ते दुसऱ्याला गेलं असतं. दादा दवाखान्यात होता. विचारणारं कोणी नव्हतं. माझ्या मुकादमाने विचारलं, "मागचं काय करायचं?" मी म्हटलं, "घाल डांबर. मागे कोण बघतंय?" ते वाक्य माझं आहे.

दोन-तीन वर्षांत येऊन गुपचूप दुरुस्त करीन असं ठरवलं होतं. पण तुम्ही ठमीला घेऊन घरी आलात, आणि दादाने सगळ्या दुकानदारांसमोर मला मिठी मारली. "तू होतास म्हणून निभावलं," म्हणाला. त्यानंतर मला कधी तोंड उघडता आलं नाही. सुरुवातीला मालाच्या गाड्या लहान होत्या, कोपरा टिकला. मला वाटलं, सुटलो.

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मला सगळं आठवत होतं. वरचा थर पुरे असं लिहिलं, कारण खणलं नाही तर कोणाला कळणार नव्हतं. घाई नको हेही मीच लिहिलं, आणि त्या उशिरात मास्तर पडले. मग दादाच्या नावावर ढकललं, कारण तो उलटून बोलणार नव्हता. खडीपेक्षा हे वाईट केलं मी.

माफी मागायला जागा ठेवलेली नाही, म्हणून मागत नाही.

भाऊजी


९ एप्रिल

भाऊजी,

पत्र वाचलं. दोनदा. काय वाटलं ते आत्ता लिहीत नाही, लिहिलं तर खाडाखोड करायला लागेल.

काम असं ठरलंय. पुढच्या भागात वरचे दोन इंच खरवडून नवा थर. मागचा कोपरा पूर्ण उकरायचा, माती काढायची, पाणी वाहून जायला भोकांचा पाइप टाकून चर करायचा, मग थराथराने खडी दाबत वर यायचं. बूटवाली करणार. पुढचा भाग दोन तुकड्यांत करू, म्हणजे निम्म्या गाड्या कायम उभ्या राहतील. फिजिओवाल्या बाईंना मेडिकलच्या बाजूने तात्पुरता रस्ता दिलाय. कोणी खूश नाही, पण कोणी सोडूनही गेलं नाही.

खोदाई बावीस तारखेला सुरू होते. तुम्ही या. तुमच्या नजरेवर माझा अजून विश्वास आहे. तुमच्या शब्दावर सध्या नाही.

ठमीला मी सगळं सांगितलंय. ती तुम्हाला आणायला येणार नाही म्हणाली. रिक्षा करून या.

वहिनी


१२ मे

वहिनी,

सुखरूप पोचलो. तुमच्याकडे सतरा दिवस राहिलो आणि आपण चर, पाइप आणि जेवण सोडून कशावरही बोललो नाही. म्हणून हे पत्र.

तो गुरुवार तुम्हीही पाहिलात, पण मला काय झालं ते सांगायचंय. खडी भरून झाली होती. भरलेला ट्रक हळूहळू वरून चालवायचा आणि चाकांखाली जमीन हलते का बघायचं, असं ठरलं होतं. बूटवाली एका बाजूला वाकून, मी दुसऱ्या बाजूला. तीन फेऱ्या ठीक गेल्या. चौथ्या फेरीत भिंतीजवळ, जेमतेम दोन खाटांएवढ्या जागेत, खडी श्वास घेतल्यासारखी वर-खाली झाली. अगदी थोडी. तिच्या बाजूने दिसली नाही. मला दिसली.

डांबराच्या गाड्या निघाल्या होत्या. तुम्ही दारात उभ्या होतात, फिजिओवाल्या बाई तुमच्या शेजारी. मी काही बोललो नसतो तर संध्याकाळपर्यंत काळंभोर, सपाट झालं असतं. क्षणभर, वहिनी, मी गप्प राहिलो. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहितो. त्या वेळी नाही लाज वाटली, आता वाटते.

मग मी हात वर करून ट्रक थांबवला. "इथे पुन्हा खणा," म्हटलं. ट्रकवाला म्हणाला, "काका, एवढ्याशाने काय होतंय?" बूटवालीने माझ्याकडे बघितलं, मग स्वतः पहारीने टोचून बघितलं आणि फोन करून डांबराच्या गाड्या परत पाठवल्या. खाली जुन्या डबक्याच्या मातीचा एक गोळा राहिलाच होता. दोन दिवस गेले. तुम्ही चहा तेवढा पाठवलात.

निघताना तुम्ही म्हणालात, पुढच्या माणसाला खाली काय आहे ते कळावं म्हणून फाइल केली आहे, मागच्या कोपऱ्याचं पान तुमच्या हातचं हवं. ते सोबत जोडतो आहे:

"मागचा कोपरा. मूळ जागी बुजवलेलं डबकं. पहिलं काम मी केलं. माती काढली नाही, चर केला नाही, खडी दहा इंचांऐवजी दोन इंच टाकली. निर्णय माझा एकट्याचा. माझे थोरले भाऊ, त्या वेळचे मालक, जागेवर नव्हते. त्यांना तेव्हा सांगितलं नाही आणि नंतरही नाही. ह्या वर्षी सगळी माती काढून, पाइपचा चर करून, बारा इंच खडी आणि चार इंच डांबर घातलं आहे. भिंतीकडची जागा दुसऱ्यांदा खणली आहे. पाइपचं तोंड दर वर्षी साफ करावं."

खाली सही केली आहे. काही राहिलं असेल तर कळवा.

भाऊजी


२१ मे

भाऊजी,

पान मिळालं, फाइलला लावलं. ठमीने वाचलं. मग म्हणाली, "काकाचं अक्षर बाबांसारखंच आहे." एवढंच. पण फाइलवर नाव तिने घातलं, वळणदार अक्षरात.

पांढरे पट्टे काल मारून झाले. फिजिओवाल्या बाईंनी दाराजवळच्या तीन जागा मागून घेतल्या, मी दिल्या. लाँड्रीवाल्याला पट्टे वाकडे वाटतात. त्याला मी मोजपट्टी दिली, तेव्हापासून गप्प आहे.

तुमच्या गुरुवारचं वाचलं. तुम्ही क्षणभर गप्प राहिलात ते मला दारातून दिसलं होतं. मी मनात आकडे मोजत होते, सातवर गेले होते तेव्हा तुमचा हात वर झाला. हाक मारावी असं वाटलं होतं, मारली नाही. ते तुमचं तुम्हीच करायला हवं होतं.

सगळं मिटलं असं मी लिहिणार नाही. कधीकधी भाजी चिरताना आता तुमच्याशी भांडते. पण ह्यांच्याशी भांडण्यापेक्षा ते बरं, तुम्ही निदान उत्तर देऊ शकता.

पानात एक गोष्ट राहिली होती. ती मी माझ्या हाताने तुमच्या सहीखाली लिहिली आहे. तुम्हाला न विचारता लिहिली, म्हणून इथे उतरवते:

"दुरुस्तीच्या वेळी डांबराच्या गाड्या निघालेल्या असताना काम थांबवून भिंतीकडची जागा पुन्हा खणायला लावली, तीही वर सही करणाऱ्यांनीच. त्या वेळी मालकीण समोर उभी होती."

वहिनी